आवर्त सारणी : इतिहास

मूलद्रव्ये त्यांच्या अणुक्रमांकांच्या (अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येच्या) चढत्या क्रमाने मांडल्यास सारखे रासायनिक गुणधर्म ठराविक टप्प्यांनी पुन्हा पुन्हा आढळतात. हा आवर्त नियम होय व त्यानुसार केलेल्या मांडणीस आवर्त सारणी म्हणतात. अणुक्रमांकाची कल्पना पुढे येण्यापूर्वी चार दशके ही सारणी तयार झाली होती. त्या वेळी तिचा पाया अणुभार हा होता.

योहान डबराइनर यांनी १८२९ मध्ये क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांसारखी त्रिके दाखविली. त्रिकातील मधल्या मूलद्रव्याचा अणुभार इतर दोहोंच्या सरासरीच्या जवळपास येतो. तथापि अणुभारांविषयी एकवाक्यता नव्हती. कार्ल्झरूए (जर्मनी) येथील १८६० च्या परिषदेत स्तानीस्लाओ कान्नीद्झारो यांनी आव्होगाड्रो यांच्या गृहीतकावर आधारलेल्या पद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर हा गोंधळ हळूहळू दूर झाला.

रशियन रसायनशास्त्रज्ञ द्मित्री मेंडेलेव्ह यांनी १८६९ मध्ये त्या वेळी ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांची सारणी प्रसिद्ध केली. लोटार मायर यांनीही स्वतंत्रपणे अशीच मांडणी केली होती. परंतु मेंडेलेव्ह यांनी रिकाम्या जागा ठेवून त्यांतील अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तविले. ॲल्युमिनियमाखालील मूलद्रव्याची घनता ५·९ असावी, असे त्यांचे भाकीत होते. १८७५ मध्ये सापडलेल्या गॅलियमाची घनता प्रथम ४·७ भरली. नमुना अधिक शुद्ध केल्यावर मात्र ती ५·९ आढळली. पुढे स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांच्या शोधांनी या भाकितांना पुष्टी मिळाली.

असे असले, तरी एक विसंगती उरली. टेल्यूरियमाचा अणुभार आयोडिनापेक्षा अधिक असूनही गुणधर्मांवरून मेंडेलेव्ह यांनी टेल्यूरियम आधी ठेवले. त्याचा अणुभार चुकीचा असावा, असे त्यांचे मत होते. पण पुढील मापनांनीही टेल्यूरियम अधिक जडच ठरले. १८९४ मध्ये शोधलेला आर्गॉन व पोटॅशियम यांबाबतही तोच प्रश्न उद्‍भवला.

हेन्री मोझली यांनी १९१३-१४ मध्ये मूलद्रव्यांच्या क्ष-किरण वर्णपटांचा अभ्यास केला. वर्णरेषेच्या कंप्रतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना समान प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. हा क्रमांक अणुकेंद्रावरील विद्युत् भाराचा निदर्शक होता. त्यानुसार कोबाल्ट (२७) निकेलाच्या (२८) व टेल्यूरियम (५२) आयोडिनाच्या (५३) आधी येणे योग्य ठरले. तसेच ४३, ६१ व ७५ या जागा रिकाम्या असल्याचे स्पष्ट झाले. या जागांवरील टेक्नेशियम, प्रोमेथियम व ऱ्हेनियम ही मूलद्रव्ये नंतर मिळाली. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी मारले गेले.

अणुभारांच्या उलट क्रमाचा उलगडा समस्थानिकांमुळे झाला. नैसर्गिक आर्गॉनात ४० द्रव्यमानांकाचे समस्थानिक सु. ९९·६%, तर पोटॅशियमात ३९ द्रव्यमानांकाचे सु. ९३·३% असते. म्हणजे अणुभार ही समस्थानिकांच्या मिश्रणाची सरासरी होय. मूलद्रव्याची ओळख मात्र अणुक्रमांकाने ठरते. २०१६ मध्ये ११३, ११५, ११७ व ११८ या मूलद्रव्यांना अधिकृत नावे देण्यात आली व सारणीचे सातवे आवर्त पूर्ण झाले.