मोबाईलचे एसएआर मूल्य : आकड्याचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा

मोबाईलवर *#०७# दाबल्यास पडद्यावर एक आकडा उमटतो. हे त्या संचाचे एसएआर मूल्य, म्हणजे रेडिओलहरींची ऊर्जा शरीराच्या ऊतींमध्ये शोषली जाण्याचा दर होय. तो वॉट प्रतिकिलो या एककात मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून नव्या रचनेच्या संचांसाठी १ ग्रॅम ऊतीवरील सरासरी १.६ वॉट प्रतिकिलो ही कमाल मर्यादा लागू झाली. तत्पूर्वी ती १० ग्रॅम ऊतीवर २ वॉट होती. नवा नियम केवळ आकड्यानेच कडक झाला असे नाही. दहा ग्रॅमच्या सरासरीत एखाद्या ठिकाणचे तीव्र शोषण आजूबाजूच्या भागात विरून जाते. एका ग्रॅमच्या सरासरीत ते सहसा लपत नाही.

या आकड्याचा वापर मात्र बहुधा चुकीचा होतो. ०.६ चा मोबाईल १.२ च्या मोबाईलपेक्षा दुप्पट सुरक्षित, असा हिशेब ग्राहक मांडतात. वास्तविक हे मूल्य संच पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करीत असताना आढळलेले सर्वाधिक शोषण असते. प्रयोगशाळेत मानवी डोक्याच्या आकाराच्या साच्यात ऊतींसारखे गुणधर्म असलेला द्रव भरतात, मोबाईल साच्याला टेकवून ठेवतात आणि यांत्रिक हाताला जोडलेल्या संवेदकाने द्रवातील विद्युतक्षेत्र मोजतात. हा साचा मोठ्या चणीच्या प्रौढ पुरुषाच्या डोक्यावरून बेतलेला आहे, ही बाब लहान मुलांच्या संदर्भात वादाची ठरली आहे.

संच शरीरापासून किती अंतरावर धरून मोजला, यावरही निकाल बदलतो. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १२ ची विक्री थांबवण्यात आली, ती यामुळेच. हातात किंवा खिशात धरलेल्या अवस्थेच्या चाचणीत ५.७४ वॉट प्रतिकिलो हे मूल्य आढळले; हातापायांसाठीची युरोपीय मर्यादा ४ वॉट आहे. शरीरापासून ५ मिलिमीटर अंतरावरच्या चाचणीत मात्र तोच संच उत्तीर्ण झाला होता. हा फ्रान्समधील विशिष्ट चाचणीपद्धतीचा परिणाम असल्याचे ॲपलचे म्हणणे होते. तरी कंपनीने तेथील ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बदलले.

रोजच्या वापरात मोबाईल क्वचितच पूर्ण शक्ती वापरतो. टॉवरचा संकेत चांगला असेल तर तो आपली शक्ती आपोआप घटवतो. लिफ्टमध्ये, तळघरात किंवा घाटातल्या प्रवासात ती वाढवतो. म्हणूनच वस्तीतला टॉवर हटवल्यावर तेथील मोबाईल अधिक शक्तीने प्रक्षेपण करू लागण्याची शक्यता असते, हे टॉवरविरोधी चर्चेत फारसे ऐकू येत नाही. अर्थात टॉवरची शंका गैरवाजवी ठरवण्याचे कारण नाही. ती मोजून तपासता येते. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावरून मोजणीची मागणी करता येते.

या मर्यादा ऊती तापण्याच्या परिणामावर आधारलेल्या आहेत. संपूर्ण शरीरावर सुमारे ४ वॉट प्रतिकिलो शोषण झाल्यास तापमान साधारण १ अंशाने वाढते. सर्वसामान्य नागरिकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्या एक-पन्नासांश, म्हणजे ०.०८ आहे. कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘संभाव्य कर्ककारक’ गटात टाकले. पुराव्याचा निर्णायक नसलेला धागा, एवढाच त्या वर्गीकरणाचा अर्थ. त्याच संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाईल वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

उरते ती अंतराची बाब. शरीरापासून काही सेंटिमीटर दूर गेल्यास शोषण झपाट्याने घटते. त्यामुळे इअरफोन किंवा स्पीकरचा वापर कमी एसएआरचा संच शोधण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. पेसमेकरसारखे उपकरण शरीरात बसवलेल्यांनी मोबाईल त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, अशी दूरसंचार विभागाची सूचना आहे. तिचे कारण मात्र ऊती तापणे नसून उपकरणाच्या कार्यात येऊ शकणारा व्यत्यय हे आहे.