ॲव्हरेजचा आकडा : धुरक्यासाठी झालेली मोजणी पेट्रोलच्या हिशेबात कशी आली

जानेवारी २०१२. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचे टॉरन्स शहर. किरकोळ रकमेचे दावे जिथे वकिलांशिवाय चालतात अशा न्यायालयात एका महिलेने होंडा कंपनीविरुद्ध तक्रार मांडली होती. २००६ सालची सिव्हिक हायब्रिड ही छोटी गाडी गॅलनला ५० मैल जाईल, असे तिला विकताना सांगितले गेले. प्रत्यक्षात गाडी ३० मैलांच्या आसपासच अडखळत होती. भारतीय हिशेबात सांगायचे तर लिटरमागे २१ किलोमीटरचे आश्वासन होते आणि पदरात पडले १३.

याच तक्रारीवर हजारो मालकांचा एक सामूहिक दावा आधीच तडजोडीला आला होता. त्यात प्रत्येकाला मिळणार होते शे-दोनशे डॉलर आणि नवी गाडी घेतल्यास काही सूट. तक्रारदार महिला पूर्वी वकिली करत असे. तिने तडजोड नाकारली आणि एकटीने लढायचे ठरवले. १ फेब्रुवारीला निकाल लागला : कंपनीने तिला ९,८६७ डॉलर द्यावेत. त्या निकालाचे पुढे काय झाले ते शेवटी येईलच.

पण मुळात तो ५० चा आकडा आला कुठून? कंपनीने तो मनाने लिहिला नव्हता. तो अमेरिकन सरकारच्या चाचणीतून निघाला होता, गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या सरकारी पत्रकावर छापलेला होता आणि त्या चाचणीच्या नियमांनुसार बरोबरही होता. गाडीचे 'ॲव्हरेज' म्हणून जगभर ज्याकडे पाहिले जाते, त्या आकड्याचा उगम टॉरन्सपासून फार दूर नाही. तो लॉस एंजेलिसच्याच रस्त्यांवर आहे. आणि त्या उगमाशी पेट्रोलचा काहीही संबंध नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिसवर उन्हाळ्यात तपकिरी धुरके साचू लागले. डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत. कारखाने बंद करून पाहिले, कचरा जाळणे थांबवून पाहिले; धुरके हटेना. कोडे सोडवले ते अननसाच्या वासावर संशोधन करणाऱ्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने. आरी हागेन-स्मिट हे कॅलटेक या संस्थेत अननसाच्या सुवासातील द्रव्ये वेगळी करत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. गुन्हेगार रस्त्यावर होता, आणि जवळपास प्रत्येक घराच्या दारातही.

मोटारींच्या धुरावर मर्यादा घालायची तर तो मोजायला हवा. मोजायचा तर गाडी चालवायची कशी, हे आधी ठरायला हवे. कोणी सावकाश जातो, कोणी सुसाट. म्हणून अभियंत्यांनी लॉस एंजेलिसमध्ये सकाळी घरून कामावर निघालेल्या माणसाचा म्हणून एक मार्ग निवडला. त्याचे नाव एलए-४, लांबी सुमारे १२ मैल. त्यावर उपकरणे लावलेली गाडी निरनिराळ्या चालकांनी चालवली. जी फेरी सर्वांत प्रातिनिधिक वाटली तिची सेकंदासेकंदाची वेगनोंद घेतली गेली, आणि ती काटछाट करून साडेसात मैलांवर आणली गेली. १,३७२ सेकंद, सरासरी वेग ताशी ३१.५ किलोमीटर, कमाल ९१. एका शहरातल्या एका प्रवासाची ही नोंद १९७२ च्या गाड्यांपासून साऱ्या अमेरिकेची अधिकृत चाचणी झाली.

या नोंदीत एक तपशील मुद्दाम पाहण्याजोगा आहे. चाचणी रस्त्यावर होत नसे. गाडी जागेवरच उभी, तिची चाके फिरत्या रोलरवर, आणि समोरच्या आलेखावरील रेषेबरहुकूम वेग राखणारा चालक. त्या काळच्या रोलरवर गाडी जोरात पळवली की टायर घसरत. म्हणून मूळ नोंदीतील वेगवाढ छाटून सेकंदाला ताशी ५.३ किलोमीटरवर आणून ठेवली गेली. त्या गतीने गाडीला शंभराचा वेग गाठायला १९ सेकंद लागतील. हिरवा दिवा लागल्यावर इतक्या सोशिकपणे निघणारा चालक लॉस एंजेलिसमध्येही नव्हता. त्याला यंत्राच्या दुबळेपणाने जन्म दिला होता.

मग ऑक्टोबर १९७३ उजाडला. अरब राष्ट्रांनी तेलबंदी जाहीर केली; पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या जवळ गेला. अमेरिकेतील नव्या गाड्या तेव्हा सरासरीने गॅलनला १३ मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटर जात. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि आजवर कोणी फारसा न विचारलेला प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला : ही गाडी पिते किती?

उत्तर सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कपाटात तयार होते. धुराच्या चाचणीत सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूचा नमुना पिशव्यांत गोळा केला जाई. पेट्रोलमधला कार्बन जळाल्यावर नाहीसा होत नाही. तो कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेल्या इंधनाच्या रूपाने त्याच पिशवीत येतो. पिशवीतला कार्बन मोजा, उलटा हिशेब करा, पेट्रोल किती जळाले ते कळते. टाकीला हात लावायचीही गरज नाही. युक्ती सुरेख होती आणि आजही हीच वापरली जाते. १९७३ च्या गाड्यांपासून हे आकडे प्रसिद्ध होऊ लागले, १९७४ मध्ये काचेवर ऐच्छिक पत्रके आली, आणि २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने ती बंधनकारक झाली. महामार्गासाठी दुसरी चाचणी जोडली गेली : कमाल वेग ताशी ९६ किलोमीटर. टंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा तेव्हा नुकतीच लागू झाली होती, त्या मानाने हा वेग पुरेसा वाटला.

अशा रीतीने धुरक्यासाठी बांधलेले माप पेट्रोलला लावले गेले. दोन वस्तूंचे स्वभाव मात्र वेगळे होते. धुराच्या दृष्टीने इंजिनाची थंड सुरुवात महत्त्वाची, ती चाचणीत होती. पेट्रोलच्या दृष्टीने वातानुकूलन, समोरचा वारा, घाट आणि डिकीतले सामान महत्त्वाचे. वातानुकूलन चाचणीत बंद, चढ नाही, खोलीचे तापमान २० ते ३० अंश, आणि भार धरलेला सुमारे १३६ किलोंचा, म्हणजे दोन माणसांचा.

मोठ्या गाडीला हा फरक पचतो, छोटीला तो जड जातो. छोट्या इंजिनाच्या ताकदीतला मोठा वाटा एकटा एसी खातो. १९८३ च्या डिसेंबरात भारताच्या रस्त्यांवर आलेली मारुती ८०० घ्या. ७९६ सीसीचे इंजिन, वजन साडेसहाशे किलोंच्या घरात. तिच्यात पासष्ट किलोंची चार माणसे बसली की भार २६० किलो, गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ४० टक्के! एवढा बदल अँबॅसडरला तुलनेने कमी जाणवे. छोटी गाडी मोठ्या गाडीपेक्षा कमीच पिते, हे खरे. पण ती छापील आकड्यावरून घसरते तेव्हा सहसा जास्त घसरते.

अमेरिकेत तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सरकारने १९८५ च्या गाड्यांपासून उपाय केला, आणि तो कमालीचा साधा होता. चाचणी तीच ठेवली. निघालेल्या आकड्यातून शहरासाठी १० टक्के आणि महामार्गासाठी २२ टक्के वजा केले. दुकानदाराने तराजू दुरुस्त न करता प्रत्येक वेळी मूठभर धान्य काढून टाकावे, तसे हे होते. काही वर्षे भागले. मग १९९५ मध्ये राष्ट्रीय वेगमर्यादा उठली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : ९६ वरून १२० वर गेले की तो दीडपटीहून अधिक. आलेखावरचा चालक मात्र ९६ च्या पुढे जायला तयार नव्हता.

हायब्रिड गाड्यांनी हे बिंग पुरते फोडले. मंद, थांबत-थांबत चालणे हे त्यांचे बलस्थान, आणि जुनी चाचणी नेमकी तशीच. कोमल वेगवाढीत बॅटरी आणि मोटर बरेच काम उरकत. उजवा पाय जरा जोरात पडला, एसी लागला किंवा थंडी पडली की पेट्रोलचे इंजिन धावून येई. २००८ च्या गाड्यांपासून सरकारने तीन चाचण्या जोडल्या : एक दांडग्या चालकाची, एक एसी चालू ठेवून, एक उणे ७ अंशांवर. सिव्हिक हायब्रिड शहरात ४९ वरून ४० मैलांवर आली, महामार्गावर ५१ वरून ४५ वर. गाडीत एक खिळाही बदलला नव्हता. टॉरन्सची तक्रारदार महिला जुन्या आकड्याच्या शेवटच्या गिऱ्हाइकांपैकी एक होती.

आणि इथे या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट येते. ग्राहकासाठी पत्रक बदलले. पण कंपन्यांनी सरासरी किती मायलेज गाठावे याचा जो कायदेशीर हिशेब होतो, तो जुन्याच दोन चाचण्यांवर राहिला. १९७५ च्या कायद्यानेच तशी गाठ मारून ठेवली आहे. परिणामी एकाच गाडीचे दोन सरकारी आकडे : गिऱ्हाइकाला दिसणारा लहान, आणि कायद्यापुढे मांडला जाणारा मोठा. वॉशिंग्टनमध्ये एखादे उद्दिष्ट जाहीर झाले की वर्तमानपत्रे मोठा आकडा छापतात, आणि वाचकाच्या गाडीतून तो कधीच निघत नाही.

युरोपची कथा याहून बरी नाही. तिथली चाचणी तर सरळ रेषांनी आखलेली होती. अशी गाडी जगात कोणीच चालवत नाही. २००१ मध्ये कागद आणि रस्ता यांतील अंतर ९ टक्क्यांच्या आसपास होते, २०१५ पर्यंत ते ४० टक्क्यांवर गेल्याचे आयसीसीटी या संशोधनसंस्थेने दाखवले. गाड्या बिघडत नव्हत्या, कंपन्या चाचणीचा अभ्यास करत होत्या : दारांच्या फटींवर चिकटपट्टी, टायरांत जास्त हवा. २०१७ पासून तिथे नवी जागतिक चाचणी लागू झाली.

भारतात या मोजणीचे घर पुण्यात आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था कोथरूडच्या ज्या टेकडीवर उभी आहे, तिला सकाळी फिरायला जाणारे पुणेकर संस्थेच्याच नावाने ओळखतात. ऐंशीच्या दशकात तिथे भारतीय रस्त्यांसाठी स्वतंत्र चाचणी आखली गेली : कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आत. रिक्षा, बैलगाडी आणि सायकल यांच्यामधून वाट काढणाऱ्या त्या काळच्या गाडीचे ते बऱ्यापैकी प्रामाणिक चित्र होते. २००० च्या सुमारास तिची जागा युरोपीय चाचणीच्या भारतीय आवृत्तीने घेतली. फरक मुख्यतः एकच, कमाल वेग १२० ऐवजी ९०. जाहिरातींत झळकणारा छापील आकडा त्यातून येऊ लागला. खंडाळ्याचा घाट या आकड्याला ठाऊक नाही, आणि मे महिन्यात काचा वर करून एसी लावणारे कुटुंबही नाही.

म्हणून भारतीय गाडीमालकाने स्वतःची पद्धत शोधली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार करायचा. कार्बनच्या पिशवीपेक्षा ही रीत ढोबळ आहे. एका फेरीवर तिचा भरवसा नाही, दहा फेऱ्यांची सरासरी काढली तर बराच आहे. 'मायलेज'ऐवजी मराठी माणूस 'ॲव्हरेज' म्हणतो, तो शब्द इथे अगदी चपखल बसतो.

टॉरन्सचा तो निकाल चार महिनेही टिकला नाही. मे २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो उलटवला. जाहिरातीतील वाक्ये म्हणजे निश्चित वचन नव्हे, आणि मायलेजचे आकडे केंद्र सरकारच्या नियमांनी ठरतात, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. ९,८६७ डॉलर कंपनीकडेच राहिले. सरकारी संकेतस्थळावर २००६ च्या त्या गाडीपुढे आज ५० नव्हे, ४२ हा सुधारित आकडा दिसतो.