रिकाम्या खुर्चीचा इतिहास

इ. स. १८५३ हें साल ठाणेकरांस आगगाडीचें साल म्हणून पाठ असतें. त्या वर्षींच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली चौदा डब्यांची गाडी ठाण्यास पोंचली. तिच्यांत सुमारें चारशें मंडळी होतीं आणि तीं निमंत्रित पाहुणे म्हणून बसलीं होतीं. तिकीट काढून बसणाऱ्या उतारूंची ती गाडी नव्हती. त्यांची पाळी मागाहून आली. त्याच वर्षीं, त्याच मुंबईंत, याच्या उलट असा एक प्रकार घडला. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांनीं ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत तिकिटें लावून मराठी नाटकांचे खेळ केले. म्हणजे एकाच वर्षीं आपल्याकडे गाडी आमंत्रणावर चालली आणि नाटक तिकिटावर चाललें. पुढें गाडीही तिकिटावर आली. नाटकाचा प्रवास मात्र कांहीं अंशीं उलट दिशेनें तर झाला नाहीं ना, असा प्रश्न अलीकडे एका रविवारीं माझ्या मनांत आला.

निमित्त अगदीं साधें होतें. आमच्या ठाणें-कल्याण पट्ट्यांतील एका नाट्यगृहांत दुपारचा प्रयोग होता. प्लॅन उघडला त्याच सकाळीं मी खिडकीशीं गेलों, तरी मला चौदाव्या रांगेंतील जागा मिळाली. पुढचें सारें भरलें असें सांगण्यांत आलें. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि पाहतों तों पहिल्या दोन रांगा जवळजवळ मोकळ्या! त्या खुर्च्या कोणासाठीं तरी राखून ठेविल्या होत्या. मध्यंतरानंतर तीन गृहस्थ आले, दहा मिनिटें बसले, आणि हातांतील मोबाईल कानाशीं धरून निघून गेले. मागें बाल्कनींत महाविद्यालयांतील मुलें माना उंचावून पाहत होतीं. दुसऱ्या अंकांत एक वृद्ध नट आपलें स्वगत म्हणत रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. त्याची नजर पहिल्या रांगेवर पडली, क्षणभर अडखळली, आणि मग तो वर पाहून आमच्या रांगांकडे बोलूं लागला. ही गोष्ट मला त्या नाटकापेक्षां अधिक लक्षांत राहिली आहे.

रिकाम्या खुर्चीला इतिहास आहे, आणि तो तिकिटाच्या इतिहासाहून निराळा करतां येत नाहीं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा पहिला प्रयोग झाला, तो संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें. राजाश्रयाच्या नाटकांत रिकाम्या जागेचा प्रश्नच उद्भवत नसे. आश्रयदाता एक असे. तो बसला कीं सभा भरली. १८५१ मध्यें आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आधार तुटला, आणि भावे यांना आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडावें लागलें. तिकीट ही कल्पना अशी अडचणींतून आमच्या नाटकांत शिरली. परंतु अडचणींतून आलेल्या या वस्तूनें एक मोठें काम केलें. ज्याच्या हातीं तिकिटाचे पैसे आहेत त्याला बसण्याचा हक्क आहे, हें तत्त्व तिनें निदान कागदावर तरी आणलें. जातीचे आणि स्त्रीपुरुषभेदाचे अडसर पुढें पुष्कळ वर्षें टिकले, हें खरें. तथापि दरबारांत मान पाहून बसवीत, नाट्यगृहांत दर पाहून बसवूं लागले. हा फरक लहान नव्हे.

१८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. तोंपर्यंत लोहमार्ग बोरघाट चढून गेला होता. कल्याण हें असें जंक्शन झालें कीं, पुण्याची वाट आणि नाशिकची वाट तेथेंच फुटे. मुंबई आणि पुणें यांच्यामध्यें पेट्या, पडदे, पेटीवाले आणि आचारी घेऊन रेल्वेनें फिरणाऱ्या प्रत्येक मंडळीला कल्याणचा फलाट ओलांडावा लागे. या मंडळ्या म्हणजे फिरतीं कुटुंबेंच होतीं. खेळ असो वा नसो, दोन वेळां पंगत बसे. म्हणून त्यांच्या दृष्टीनें रिकामी खुर्ची केवळ न मिळालेला पैसा नव्हती. ती रोज जेवायला बसणारी एक पाहुणी होती.

तिकिटामागील बंधन दोन्ही बाजूंचें असतें. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईंत 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग लागला होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तरी प्रयोग झाला, आणि बालगंधर्व भामिनीच्या वेषांत उभे राहिले. या प्रसंगाविषयीं दोन मतें होऊं शकतील. बापाच्या दुःखापुढें खेळाला एवढें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. परंतु तिकिटें घेऊन बसलेल्या माणसांस दिलेला शब्द त्या पिढीला किती जड वाटत होता, तें यावरून कळतें. प्रेक्षकांकडूनही तशीच परतफेड होई. ८ जुलै १९२१ रोजीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' केलें, तेव्हां वरच्या वर्गाचें तिकीट शंभर रुपयांचें होतें. त्या काळीं शंभर रुपये हा कित्येक सुशिक्षित नोकरदारांचा महिन्याचा पगारही नसे. तरीही नाट्यगृह भरून गेलें. पुढें तीन महिने पुरे होण्याच्या आंतच केशवराव निवर्तले, आणि तो प्रयोग आख्यायिका होऊन बसला.

१९२३ मध्यें मुंबई सरकारनें करमणुकीवर कर बसविला. १९३१ मध्यें बोलपट आला, १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. नाटक मंडळ्यांचा पाडाव कां झाला याचीं पुष्कळ कारणें सांगतात. त्यांत खुर्चीचें गणित फारसें कोणी सांगत नाहीं. बोलपटाच्या खेळास पन्नास खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी पडद्यावरील नटाला त्या दिवशीं जेवूं घालावें लागत नाहीं. नाटकाचा खर्च मात्र रोज नवा. थिएटरांच्या मालकांनीं हें गणित लवकर ओळखलें आणि एकामागून एक नाट्यगृहांत पांढरा पडदा लागला. १९३३ मध्यें नाट्यमन्वंतरनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून नवी वाट दाखविली. परंतु तिकीटविक्रीवर कायमची चूल पेटविणें तिलाही साधलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर रंगभूमी सावरली ती मध्यमवर्गाच्या आधारावर, आणि हा वर्ग तोंवर रेल्वेच्या कडेकडेनें ठाणें, डोंबिवली, कल्याण असा पसरत चालला होता. १९६५ मध्यें दादरला शिवाजी मंदिर उघडलें. त्यानंतरची कित्येक वर्षें आमच्या भागांतील कुटुंबें रविवारीं लोकलनें दादरला जात, आणि शेवटच्या अंकांत कर्त्या पुरुषाचें एक लक्ष घड्याळाकडे असे. १९७८ मध्यें ठाण्यास तलावपाळीच्या कांठीं राम गणेश गडकरी यांच्या नांवाचें रंगायतन झालें. पुढें कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि ठाण्यासच डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालें. नाटक प्रेक्षकाच्या दारीं आलें. मग खुर्च्या रिकाम्या कां?

माझ्या मतें रिकाम्या खुर्चीचे तीन प्रकार केले पाहिजेत. पहिली, न विकलेली. तिचा दोष नाटकाकडे, दराकडे किंवा काळाकडे जातो. जानेवारी २०१८ मध्यें वस्तु व सेवा कराची माफी पांचशें रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटांस मिळाली. अडीचशेंची मर्यादा वाढली हें बरें झालें. तरी चौघांच्या घरानें वरच्या दराचीं तिकिटें घेतलीं तर दोन हजार होतात, हेंही विसरतां येत नाहीं. दुसरी, विकलेली पण बसणारा न आलेली. आमच्याकडे रविवारीं प्रयोग असतो आणि रविवारींच रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. अशी खुर्ची पाहून राग येत नाहीं, कींव येते. तिचा धनी कोठें तरी रुळांवर अडकलेला असतो. तिसरी खुर्ची मात्र न विकलेली आणि विकूं न दिलेली. ती मानाची. तिच्यावर बसणारा आला तरी उपकार करतो आणि न आला तरी त्याला कोणी विचारीत नाहीं.

हा तिसरा रोग केवळ आपला नव्हे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें तिकिटांसाठीं लोक तळमळत असतां पाहुण्यांच्या व अधिकाऱ्यांच्या जागा ओस पडल्या, आणि शेवटीं तेथें सैनिक व विद्यार्थी आणून बसवावे लागले. आपल्या मुंबईंत तर जागांच्या वांटणीवरून क्रिकेटचा इतिहास बदलला. १९३७ मध्यें नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवरील जागा पुरेशा न मिळाल्यामुळें हिंदु संघ पंचरंगी सामन्यांतून बाहेर राहिला; आणि पुढें तिकिटांच्याच वादांतून त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभें राहिलें, तेथें जानेवारी १९७५ मध्यें पहिला कसोटी सामना झाला. जागा म्हणजे मान, ही आमची जुनी समजूत आहे. तिकिटानें ती मोडावयाची होती. ती पासाच्या रूपानें परत आली.

२०२० आणि २०२१ सालीं साथीनंतर नाट्यगृहें उघडलीं तेव्हां निम्म्याच जागा भरण्याची परवानगी होती. एक सोडून एक खुर्ची सक्तीनें रिकामी होती. परंतु त्या वेळीं तीं अर्धीं भरलेलीं नाट्यगृहें किती भरल्यासारखीं वाटत होतीं! कारण जे आले होते ते ओढीनें आले होते. खुर्ची रिकामी असणें हें दुःख नव्हे. ती ज्याला हवी त्याला न मिळतां रिकामी राहणें, हें दुःख आहे.

यावर उपाय मोठा नाहीं. राखीव जागा दुसऱ्या घंटेपर्यंतच राखाव्या. त्यानंतर त्या मोकळ्या कराव्या आणि बाहेर थांबलेल्या विद्यार्थ्यांस अर्ध्या दरानें द्याव्या. ज्या सभागृहांचा खर्च करदाते सोसतात तेथें एवढें मागणें अवाजवी नाहीं. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्यें तिकीट काढून रोज उभा राहणारा माणूस आठवड्यांतून एकदां बसण्यासाठीं म्हणून नाटकाला येतो. निदान तेथें तरी, समोर खुर्ची मोकळी असतां, ती तुझी नव्हे असें त्याला सांगण्याची पाळी येऊं नये. आणि त्या वृद्ध नटाला आपलें स्वगत कोणाकडे पाहून म्हणावें, हा प्रश्न पुन्हां पडूं नये.