पावणेसहा ते अकरा: विल्यम कॅरींचा एक दिवस

आजचा भाग एका पत्राबद्दल आहे. तारीख १२ जून १८०६, ठिकाण कलकत्ता, लिहिणारे विल्यम कॅरी, वय ४४. इंग्लंडमधले त्यांचे मित्र जॉन रायलंड यांना ते सांगतायत की मी जास्त पत्रं का लिहू शकत नाही. आणि पुरावा म्हणून अख्खा दिवस मांडतात. आपण ऑफिसात कॅलेंडरचा स्क्रीनशॉट पाठवतो ना, तसंच काहीसं.

दिवस असा. पावणेसहाला उठले. हिब्रू बायबलचा एक अध्याय. सातपर्यंत एकट्याने प्रार्थना, मग नोकरांबरोबर बंगालीत कौटुंबिक प्रार्थना. चहा ओतला जातोय तोवर मुन्शीबरोबर थोडं फारसी. मुन्शी बिचारे कॅरी खोलीबाहेर येण्याआधीच येऊन बसलेले. न्याहारीआधी हिंदुस्तानीत शास्त्रवाचन. न्याहारी संपल्या संपल्या पंडितांबरोबर रामायणाचा अनुवाद, थेट दहापर्यंत. मग फोर्ट विल्यम कॉलेज, एक-दोनच्या दरम्यान परत. यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचं प्रूफ तपासलं. जेवण. मग कॉलेजच्या मुख्य पंडितांना घेऊन मत्तयाचा ८ वा अध्याय संस्कृतात, सहापर्यंत. सहानंतर तेलुगू शिकवायला वेगळे पंडित. सातला प्रवचनाची जुळवाजुळव, साडेसातला इंग्रजीत प्रवचन, चाळीसेक माणसं. नऊला सगळे गेले. त्यानंतर यहेज्केलचा ११ वा अध्याय बंगालीत, जवळजवळ अकरापर्यंत. मग हे पत्र. आणि झोपण्याआधी ग्रीक नव्या करारातला एक अध्याय, परत प्रार्थना.

ऐकूनच दम लागला ना?

हे वेळापत्रक ख्रिस्ती लोकांत फार फिरलेलं आहे. चांभारकाम करणारा माणूस, फारसं शिक्षण नाही, आणि बघा देवाने दिलेल्या वेळेचं त्याने काय केलं, असं सांगायला ते उत्तम पडतं. खोटंही नाही. १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये मराठी कोश, १८११ मध्ये मराठी नवा करार. ही फक्त मराठीची यादी. श्रीरामपूरच्या छापखान्यातून पुढे चाळीसच्या आसपास भाषांत बायबलचे भाग निघाले. (हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळी नदीवरचं. तेव्हा ते डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं.)

पण हे पत्र मी दोन-चारदा नीट वाचलं. डेव्हलपर माणूस, लॉग दिसला की वाचत बसतो. आणि त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

पहिली म्हणजे, कॅरींच्या दिवसात 'एकट्याने फोकस करणे' हा प्रकार फार थोडा आहे. महत्त्वाच्या कितीतरी तासांत समोर कोणीतरी बसलंय. मुन्शी, पंडित, तेलुगूवाले पंडित. मराठीसाठी वैद्यनाथ पंडित होते, मूळ नागपूरकडचे, कॉलेजातले मुख्य मराठी पंडित. त्यांनी पुढे सिंहासन बत्तिशी, हितोपदेश यांची मराठी भाषांतरं केली, तीही श्रीरामपूरलाच छापली गेली. कोशाच्या कामात कॅरींची सगळी भिस्त त्यांच्यावर. छापखान्यासाठी लिप्यांचे ठसे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे आणखी वेगळे. एका माणसाच्या सतरा तासांत इतकं मावतं कसं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. ते सतरा तास एका माणसाचे नव्हतेच.

गंमत म्हणजे मराठी नव्या करारात नागपूरकडची भाषा उतरली असं म्हणतात, त्याचं कारणही हेच. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी परत स्वतंत्र भाषांतर केलं आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार आला. म्हणजे घाईचा हिशेब कोणीतरी नंतर चुकता केलाच.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. या पत्रातल्या दिवसात बायकोचा उल्लेख नाही. मुलांचा नाही.

तो कलकत्त्यातला दिवस होता. कॉलेजच्या दिवसांत कॅरी कलकत्त्याला राहायचे. घर श्रीरामपूरला, नदीने वर वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे डोरथी कॅरी होत्या, त्यांच्या पत्नी, आणि त्या मानसिक आजाराने इतक्या ग्रासलेल्या होत्या की त्यांना खोलीत बंद ठेवावं लागायचं.

डोरथींबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्यांच्यावर एपिसोड कोणी करत नाही. १७८१ मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांना सही करता येत नव्हती, रजिस्टरात फुली आहे. भारतात यायला त्यांनी आधी साफ नकार दिला होता. १७९३ मध्ये अगदी शेवटच्या घडीला तयार झाल्या, तेही बहीण सोबत आली म्हणून. मांडीवर महिनाभराचं तान्हं होतं. बंगालमध्ये पहिलं वर्ष म्हणजे पैसा नाही, राहायला ठिकाण नाही, घरात आजारपण. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डोरथी सावरल्याच नाहीत. नवऱ्यावर संशय, आरडाओरड, वर्षानुवर्षं. कॅरींनी त्यांना घरीच ठेवलं. ८ डिसेंबर १८०७ ला त्या गेल्या. म्हणजे आपण वाचलेल्या दिवसानंतर दीड वर्षाने.

मुलं तशीच वाढत होती. १८०० मध्ये कॅरी आणि मार्शमन कुटुंबं श्रीरामपूरला एकत्र राहू लागली, तेव्हा हाना मार्शमन यांना या मुलांची आबाळ बघवली नाही. त्यांनी आणि विल्यम वॉर्ड यांनी पोरांना हाताशी घेतलं. हाना स्वतः शाळा चालवत होत्या, स्वतःची लेकरं होती. त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक कोणी पोस्टरवर छापलेलं मी पाहिलेलं नाही.

इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल वेळेबद्दल जे सांगतो, ते आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत पाठ केलंय. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद बाजारातलं आहे. पैसे मोजून विकत घेणं, सोडवून घेणं. आणि 'वेळ' साठी शब्द आहे कैरोस. घड्याळातला वेळ हा नव्हे, योग्य घटका, प्रसंग. मला हा बाजाराचा शब्द आवडतो, कारण विकत घेणं म्हटलं की लगेच विचारता येतं: पैसे कोणी भरले? कॅरींनी भरले, यात वाद नाही. कॉलेजात सुरुवातीला महिना ५०० रुपये मिळायचे, पुढे १०००, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मिशनच्या सामाईक खात्यात जायचं. पण डोरथींनीही भरले, आणि त्यांना कोणी विचारून नाही.

यावरून कॅरी ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. १८०६ च्या बंगालमध्ये मानसिक आजारावर उपचार म्हणून काय हाताशी होतं, तर काही नाही. मला अडचण आहे ती आपल्या सांगण्याची. मंडळीत एखादा भाऊ शनिवारी युवा सभा, रविवारी कॉयर, बुधवारी प्रार्थनासभा, आणि वर नोकरी, असं सगळं करतो, की आपण स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवतो. घरी त्याच्या आईच्या गोळ्या कोण देतं, हे विचारायची पद्धत नाही.

आता त्याच माणसाची दुसरी बाजू. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी तेव्हाही कलकत्त्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी जोशुआ मार्शमन बातमी घेऊन आले. कागदाचे ढीग, खिळे, आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं गेली, त्यात अनेक भाषांच्या एकत्रित कोशाचं हस्तलिखितही. बॅकअप नव्हता. पोलादी ठसे आणि साचे मात्र ढिगाऱ्यात शाबूत सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून खिळे परत ओतायला घेतले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. एकच रस्ता दुसऱ्यांदा चालताना सोपा जातो, अशा अर्थाचं कॅरींनी तेव्हा लिहिलं. त्या जून महिन्याच्या पत्रापेक्षा मला त्यांचं हे वाक्य जवळचं वाटतं. तासांचा हिशेब राख झाल्यावरही माणूस कडवट झाला नाही.

आणि त्यांना बाग होती. श्रीरामपूरला पाच एकर. तिथे ते झाडं लावायचे, फिरायचे, प्रार्थना करायचे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी एका झाडाच्या कुळाला त्यांचं नाव दिलं, कॅरिया. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांनी हे झाड नक्की पाहिलंय. आपण त्याला कुंभा म्हणतो.

पुढच्या भागात केडगाव आणि पंडिता रमाबाईंचं बायबल. त्यांना ते भाषांतर पुरं करायला आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षं लागली. तोपर्यंत, सलाम.