हौसेचे तळे आणि खालचे गाव

मातीचा बांध घालून पाणी अडविण्याची विद्या फार प्राचीन आहे. नीट दाबून घातलेला भराव, पुराचे पाणी बाजूने काढून देणारा रुंद सांडवा आणि तळाशी पाणी सोडण्याची मोरी, एवढे शाबूत असले की असा बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. परंतु त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, की काही तासांत माती खरवडून निघते व बांध फुटतो. शेतीच्या बांधाकडे शेतकऱ्याचे लक्ष असते, कारण त्याचे पीक त्यावर अवलंबून असते. निव्वळ करमणुकीसाठी राखलेल्या तळ्याचे तसे नसते. अशा हौसेच्या तळ्यांनी अमेरिकेत जो अनर्थ घडविला, त्याचा इतिहास गावोगावच्या लोकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाऊन हे पोलादाच्या कारखान्याचे गाव. गावाच्या वरच्या अंगास, नदीच्या वाटेने सुमारे १४ मैलांवर, साउथ फोर्क येथे राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरविण्यासाठी ७२ फूट उंचीचे मातीचे धरण बांधले. काम १८३८ साली सुरू झाले ते १८५३ साली पुरे झाले. तोवर आगगाडी आली आणि कालव्याची गरजच संपली. धरण रेल्वे कंपनीकडे गेले. १८६२ साली त्याला खिंडार पडले. तलावात पाणी कमी होते म्हणून निभावले. पुढे एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. म्हणजे तलाव भरला तर तो रिकामा करण्याची सोयच उरली नाही.

१८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाने हे धरण घेतले. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक यांच्यासारखे कोट्यधीश पुढे या क्लबाचे सभासद होते. खिंडार बुजविण्यासाठी मातीबरोबर झाडांच्या फांद्या, गवत आणि लीदसुद्धा घातली गेली. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून उंची दोन-तीन फूट उतरविली. तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसविल्या. मासे राहिले, पाण्याची वाट मात्र अडली.

याविषयी कोणी सावध केले नव्हते असे नाही. जॉन्सटाऊनच्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली आपला जाणकार माणूस पाठवून धरणाची पाहणी करविली. तळाला नळ नाहीत आणि डागडुजी कच्ची आहे, असा स्पष्ट अहवाल आला. दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलण्यासही मॉरेल तयार होते. क्लबाने ते मानले नाही. तुमच्या लोकांना आमच्यापासून भय नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. क्लबाला भाग पाडील असा कायदा नव्हता की तपासणी करणारा अधिकारी नव्हता.

३१ मे १८८९ रोजी अतोनात पावसानंतर पाणी माथ्याला भिडले. क्लबाच्या अध्यक्षांनी सकाळपासून मजूर लावून नवा सांडवा खणण्याचा यत्न केला, जाळ्या मोकळ्या करण्याचा यत्न केला, तरुण इंजिनिअराला घोड्यावरून साउथ फोर्कच्या तारघराकडे धाडले. परंतु धरण फुटणार अशी आवई गावाने दरवर्षी ऐकली होती. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेले आणि तासाभरात लोंढा जॉन्सटाऊनवर आदळला. २,२०९ माणसे मेली. ९९ कुटुंबांत दिवा लावायलाही कोणी उरले नाही. साडेसातशेहून अधिक प्रेतांची ओळख पटली नाही. न्यायालयात क्लबावर जबाबदारी आली नाही. ती ईश्वरी आपत्ती ठरली. देवाच्या नावावर काय काय खपविले जाते, पाहा! धरण मूळ उंचीचे असते तरी फुटलेच असते, असे इंजिनिअरांच्या समितीनेही १८९१ साली सांगितले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नव्याने गणित मांडून हे मत खोडून काढले आहे.

इतके होऊनही लहान खासगी धरणे मोकळीच राहिली. जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे एका धार्मिक महाविद्यालयाच्या वर केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. पूर्वी त्यावर वीज होत असे. १९५७ साली ते काम थांबले आणि तळे विहारापुरते राहिले. भरावाचा उतार फार उभा, त्यावर झाडे वाढलेली. १९७३ साली खालच्या बाजूचा काही भाग घसरलाही होता. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास ते फुटले आणि झोपेतच ३९ माणसे गेली. त्यांत २० मुले होती.

धरणांच्या तपासणीचा केंद्रीय कायदा १९७२ सालीच झाला होता, पण त्यासाठी पैसा दिला गेला नव्हता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तपासणी सुरू करविली. १९८१ पर्यंत सुमारे नऊ हजार धरणे पाहिली गेली व त्यांतली जवळपास एकतृतीयांश असुरक्षित निघाली. जॉर्जियाने १९७८ साली स्वतःचा कायदा केला.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ चे पानशेत कोणी विसरलेले नाही. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. त्यानंतर २०२१ साली केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्यात येतात, पण लांबी, साठा, पूरविसर्ग, पाया वा रचना यांविषयीची काही अट पुरी झाली तरच. टोकोआचे धरण सुमारे साडेअकरा मीटर उंच आणि १२० मीटरच्या आसपास लांब होते. लांबीसाठी ५०० मीटर आणि साठ्यासाठी १० लक्ष घनमीटर अशी अट आहे. या दोन्ही मापांनी ते धरण लहानच ठरते.