‘फकिरा’: श्रीमंती स्वभाव घडवते का?

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, तेव्हा त्यांचं वाटेगाव दक्षिण सातारा जिल्ह्यात होतं. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

कादंबरीतला दुष्काळ प्रत्येकाचा स्वभाव उघडा करतो. मठकऱ्याच्या वाड्यात धान्य भरलेलं असतं आणि मांगवाड्यात माणसं उपाशी मरतात. विष्णुपंत कुलकर्णीही खाऊनपिऊन सुखी, तरी ते उपाशी माणसांची बाजू घेतात. म्हणजे श्रीमंती स्वभाव घडवत नाही.

ती नाव मात्र ठरवते. धान्य कोंडणारा प्रतिष्ठित राहतो आणि ते लुटून भुकेल्यांना वाटणारा फकिरा दरोडेखोर ठरतो. त्यात जातही आलीच. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात माणूस कसा आहे हे कुणी विचारलंच नाही. जन्म पाहिला आणि हजेरी लावली.