हात धुण्याचे पाणी आणि कुंभाराचे भांडे

मार्काच्या सातव्या अध्यायातील हात धुण्याचा वाद समजावून सांगताना आपल्या व्यासपीठावरून पुष्कळदा शिवाशिवीची उपमा दिली जाते. उपमा ओळखीची आहे. परंतु ती न्याय्य आहे काय, हे त्या काळच्या भांड्यांना विचारून पाहिले पाहिजे.

लेवीयाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे मेलेला उंदीर किंवा पाल लाकडी भांड्याला लागली तर ते पाण्यात घालून शुद्ध होई. मातीच्या भांड्यात पडली तर ते फोडावे लागे. रोमन काळात गालीलातील घरोघरची स्वयंपाकाची भांडी मोठ्या प्रमाणावर कफर हनन्या या गावच्या कुंभारांनी घडविलेली असत. भांडे फोडण्याची तोशीस अर्थातच घरधनिणीला लागे. दगडाचे भांडे मात्र अशुद्ध होत नाही, असे मानीत. म्हणून ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून मऊ चुनखडीच्या दगडाची भांडी प्रचारात आली. नासरेथजवळ रैना येथे ती कोरण्याची खाण व कारखाना सापडल्याचे 2017 साली जाहीर झाले. काना येथील सहा दगडी रांजण (योहान 2:6) याच परंपरेतील होत. प्रत्येकात सुमारे 80 ते 120 लिटर पाणी मावे.

तथापि हातांवर पाणी ओतण्यास दगडी भांड्याचीच सक्ती नव्हती. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या ‘यादयिम’ म्हणजे ‘हात’ या प्रकरणात कोणतेही भांडे ग्राह्य धरले आहे, अगदी न भाजलेल्या मातीचे वा शेणाचेसुद्धा. फुटक्या भांड्याची खापरी तेवढी वर्ज्य होती. पाणीही लहानशा पेल्याइतके पुरे. गरिबालाही पाळता यावा, असाच हा नियम होता.

शिवाय नियमशास्त्रातील ही अशुद्धता कोणाच्या कुळास जन्मभर चिकटलेली नव्हती. बाळंतपण, मृत्यू, रोग यांच्या योगे ती याजकालाही येई आणि विधीनंतर जाई. प्रभू येशूने दोष दिला तो देवाची आज्ञा मोडून संप्रदाय राखण्याला. आणि माणसाला भ्रष्ट करणारे ते त्याच्या अंतःकरणातून निघते, असे त्याने शिकविले. या शब्दांची धार कमी होता कामा नये. शिवाशिवीचा धिक्कार करण्यास शुभवर्तमानात आधार पुष्कळ आहेत. त्यासाठी यहूदी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचे कारण नाही.